वैशाखातला रियाज : खान्देशच्या उन्हात सूर कसा सांभाळायचा

जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ वर गेला की घरातली वाद्यं एकमेकांशी पटवून घेईनाशी होतात. तबला चढतो, तंबोऱ्याच्या तारा उतरतात, बासरी वर सरकते, पेटी (हार्मोनियम) जवळपास जागच्या जागी राहते. गाणाऱ्याचा गळा कोरडा पडतो ते वेगळंच. सकाळी जुळवलेलं दुपारी जुळत नाही, म्हणून बरेच शिकणारे आखाजीपासून (अक्षय्य तृतीयेपासून) मृगापर्यंत वाद्यांवर खोळी चढवून टाकतात. मला ते पटत नाही. या दिवसांत गाणं थोडं कमी झालं तरी चालेल, पण ऐकणं वाढलं पाहिजे. हवा रोज सूर बिघडवते, त्यामुळे रोज तो कानाने शोधावा लागतो. कानाला अशी मेहनत हिवाळ्यात मिळत नाही.

आधी जागा. गावात धाब्याचं घर असेल तर रियाजाची खोली तीच. मातीच्या जाड भिंती आणि वरचा मातीचा थर यामुळे आतलं तापमान दिवसभरात फार हलत नाही, आणि माती आवाज पिऊन घेते, म्हणून घुमारा कमी येतो. स्लॅबच्या खोलीत उलट होतं. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री बारापर्यंत उष्णता सोडत राहतो, शिवाय मोकळ्या भिंतींवरून आवाज परत येतो आणि आपला सूर आहे त्यापेक्षा भरदार वाटतो. तिथे गाद्या-गोधड्या भिंतीला टेकवून ठेवल्या तरी बराच फरक पडतो. पत्र्याच्या खोलीत सकाळी नऊनंतर वाद्य ठेवूच नये.

कूलरचं काय करायचं हा आपल्याकडचा खरा प्रश्न. कूलर बंद ठेवून बसवत नाही, चालू ठेवला तर त्याच्या झोतात ओल असते. तबल्याची पुडी, म्हणजे तोंडावरचं मढवण, कातड्याची. कोरड्या हवेत ती आवळते, ओल्या हवेत सैल पडते. बाहेरच्या खोलीतून तबला आणला की अर्धा सूर चढलेला असतो. आपण तो हातोडीने खाली उतरवतो, आणि वीस मिनिटं कूलरसमोर वाजवला की तोच तबला ठरलेल्या पट्टीच्याही, म्हणजे ठरवलेल्या मूळ सुराच्याही, खाली बसतो. मग परत ठोकाठोक. यावर उपाय साधा आहे. बसण्याआधी अर्धा तास वाद्यं त्याच खोलीत, कूलर चालू असताना, खोळ काढून ठेवायची. झोत वाद्यांवर आणि तोंडावर न घेता पाठीमागून किंवा भिंतीवर आपटून येईल असा ठेवायचा. खिडकी थोडी उघडी हवी, नाहीतर ओल साठत जाते. कूलरच्या गवताच्या जाळ्या मोसमाच्या सुरुवातीला बदला. जुन्या जाळीतली धूळ आणि बुरशीचा वास थेट घशात बसतो, आणि तक्रार मात्र आवाजाबद्दल होते.

साडेपाच इंची तोंडाचा तबला काळी एकला, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुराला, नीट बोलतो. तो चढलेला असेल तर खाली आणताना घाई नको. आधी पुडीभर चाटीवर (कडेच्या कातड्यावर) बोट मारत फिरा आणि कुठलं घर, म्हणजे कडेचा कुठला भाग, जास्त चढलंय ते ऐका. कूलर किंवा खिडकीच्या बाजूचं घर आणि विरुद्ध बाजूचं घर यांत नेहमी फरक सापडतो. सगळी घरं एकसारखी चढली असतील तर गठ्ठे (बाजूच्या चामडी पट्ट्यांखालचे लाकडी ठोकळे) थोडे वर सरकवून ढिलाई द्यायची. एखाद-दोन घरंच चढली असतील तर गठ्ठ्याला हात लावू नका, गजऱ्याला (पुडीच्या कडेच्या वेणीला) खालून हलकी टिचकी पुरते. एक घर उतरवलं की लगेच समोरचं तपासायचं, कारण कातडं एकच आहे, एका बाजूला सैल केलं की दुसरीकडचा ताण बदलतो. शेजारची घरं ओळीने ठोकत गेलं की पुडी एका अंगाला ओढली जाते आणि ‘ना’ हा बोल कुठेच स्वच्छ निघत नाही.

सगळ्यात मोठं नुकसान वाजवताना होत नाही, ठेवताना होतं. चढवलेला तबला तसाच कपाटावर किंवा गाडीच्या डिकीत राहिला की वैशाखातल्या कोरड्या हवेने पुडी आणखी आवळते आणि किनारीजवळ गजऱ्यालगत फाटते. शाईवर (पुडीच्या मधल्या काळ्या थरावर) बारीक भेगा असतातच, त्या शाईच्या बोलण्यासाठी हव्याच असतात. पण कोरड पडली की तिचे कण सुटायला लागतात, आणि एकदा कण सुटले की ‘तिं’ या बोलाची आस (मागे रेंगाळणारा सूर) तुटते. म्हणून वाजवून झालं की या दिवसांत पट्टी थोडी उतरवून, जाड खोळ घालून, खोलीच्या आतल्या भिंतीजवळ जमिनीलगत ठेवायचा.

तंबोऱ्याचं गणित उलटं. उष्णतेने तार लांबते, ताण कमी होतो, सूर उतरतो. पण चारही तारा सारख्या उतरत नाहीत. खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या षड्जाची, पितळी तार आधीच सगळ्यात कमी ताणावर असते, आणि पितळ पोलादापेक्षा जास्त प्रसरण पावतं, म्हणून ती सर्वांत जास्त घसरते. उन्हाळ्यात तंबोरा ‘बेसूर झाला’ असं वाटलं की दहातल्या आठ वेळा खर्ज उतरलेला असतो. जोड, म्हणजे एकाच सुरात जुळवायच्या मधल्या दोन तारा, बऱ्यापैकी जागेवर असतात.

तरीही जुळवताना सुरुवात जोडापासूनच करा. एक जोड पेटीवरून किंवा स्वरपेटीवरून ठरवायचा. दुसरा त्याच्याजवळ आणला की आवाजात लाटा ऐकू येतात, वां-वां-वां अशा. सेकंदाला दोन लाटा म्हणजे दोन कंपनांचा फरक, एक लाट म्हणजे एका कंपनाचा. इथपर्यंत खुंटी. त्यापुढे खुंटीला हात लावला की सूर पलीकडे उडी मारतो, म्हणून शेवटचं काम मणक्यावर (तारेत ओवलेल्या मण्यावर), केसाएवढं सरकवत. लाटा लांबत लांबत थांबल्या की जोड जुळला. मग खर्ज, मग उरलेली पंचमाची तार. जवारीचा, म्हणजे तारेखाली घालून गुंजन आणणारा, दोरा सगळ्यात शेवटी. तार घोडीवर (तारा जिच्यावरून जातात तिच्यावर) जिथे निसटती टेकते तिथे दोरा सरकवत न्यायचा. खूप आत गेला तर आवाज चिरका होतो, खूप बाहेर राहिला तर मुका. मधल्या इवल्याशा जागेत गुंजन उघडतं. तार उतरली की ही जागाही हलते, त्यामुळे काल लावलेला दोरा आज तसाच चालेल असं धरून बसू नये.

आता मुख्य गोष्ट, ऐकण्याची. खर्ज नीट जुळला आणि जवारी उघडली की तारेतून गांधार (ग) आपोआप ऐकू येतो. त्याला आपण स्वयंभू गांधार म्हणतो. तो भास नसतो, तारेच्या मूळ कंपनाच्या पाचपट कंपनांचा तो स्वर असतो. पुरुषी काळी एकमध्ये खर्जाची तार सेकंदाला साधारण ६९.३ कंपनांची, तिच्या पाचपट म्हणजे साधारण ३४६.५. पेटीवर त्याच सप्तकातला गांधार, म्हणजे पांढरी चार, ३४९.२ चा असतो. जवळजवळ तीन कंपनांचा फरक. खर्ज छेडून पेटीवर ती पट्टी हळू दाबून धरा, सेकंदाला तीनच्या आसपास लाटा ऐकू येतील. पेटीवर सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात आणि तारेला ती वाटणी ठाऊक नसते, म्हणून हे होतं. पेटीवर गांधार शिकलेला गळा नेहमी किंचित वर लागतो, तो याच कारणाने. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटी बंद केली आणि १९७१ मध्ये पुन्हा आत घेतली. त्या वादात इतरही मुद्दे होते, पण पेटीचे ठरलेले स्वर हा त्यातला मोठा मुद्दा होता.

याचा अर्थ पेटी टाकून द्या असा मुळीच नाही. कुठल्या रागाला ती किती खपते हे मात्र माहीत हवं. भूपात गांधार आणि धैवत (ध) हेच मुक्कामाचे स्वर, आणि हेच दोन पेटीवर सगळ्यात जास्त चढलेले. भूपाचा रियाज तंबोऱ्यावरच करावा. उन्हाळी दुपारचा वृंदावनी सारंग याच्या उलट. त्यात गांधार-धैवत नाहीतच. रिषभ, मध्यम, पंचम हे पेटीवरही जवळजवळ तारेच्या जागीच असतात. राहिले दोन निषाद. त्यात कोमल निषाद मध्यमाच्या संवादाने लावला तर तोही जुळतो, शुद्ध निषाद तेवढा पेटीपेक्षा जरा खाली घ्यायचा. म्हणून पेटीवर शिकणाऱ्या मुलांनी वैशाखात सारंग हातात घ्यावा असं मी आग्रहाने म्हणेन. वेळ तीच, हवा तीच, आणि कान बिघडण्याची भीती सगळ्यात कमी.

फोनवरच्या तानपुऱ्याबद्दल एवढंच, की त्याच्या छोट्या स्पीकरमधून खर्ज येत नाही. वरचे स्वर ऐकून कान खालचा स्वर मनाने भरून काढतो. स्वयंभू गांधार शोधायचा असेल तर फोन मोठ्या स्पीकरला जोडा. कानात हेडफोन घालून गाऊ नका, आपलाच आवाज नीट येत नाही म्हणून गळा दाबला जातो.

गळ्यासाठी पहाटे पाच ते सात ही वेळ. गाण्याआधी घटाघट पाणी प्यायलं की गळा ओला होतो ही समजूत खोटी आहे. पाणी अन्ननलिकेतून जातं, स्वरतंतूंना शिवतही नाही. शरीरातून ओलावा तिथवर पोचायला वेळ लागतो, म्हणून पाणी आदल्या दिवसभर आणि रियाजाच्या तासभर आधी. हवा फार कोरडी असेल तर साध्या पाण्याची वाफ पाच मिनिटं, त्यात बाम नको. रात्री उशिरा झणझणीत शेवभाजी खाऊन लगेच आडवं झालं की पित्त वर येतं आणि सकाळी खर्जात खरखर लागते. भाजी सोडायची गरज नाही, जेवण आणि झोप यांत तीन तास ठेवायचे.

खर्ज भरताना, म्हणजे गळ्याने खालचे स्वर घोटताना, षड्जावर पाच मिनिटं, मग मंद्र निषाद, धैवत, पंचम असं एकेक उतरायचं, सगळं मिळून वीस मिनिटं. आवाज जिथे हवेसारखा होतो तिथे थांबायचं, त्याखाली जोर लावून सूर काढायचा नाही. जोर लावला की हनुवटी छातीकडे जाते. आरशासमोर बसलं की हे लगेच दिसतं. खर्ज झाल्यावरच अलंकार, मिनिटाला साठ मात्रांच्या लयीत, मात्रेला आधी एक, मग दोन, मग चार स्वर. चाराला गांधार चढायला लागला तर दोनवर परत या. लय वाढली की चढणारा स्वर बहुतेक वेळा गांधार किंवा निषादच असतो.

या दिवसांत ऐकायला आपल्याकडे एक फार चांगली शाळा भरते. आखाजीला झोक्यावर म्हटली जाणारी गौराईची गाणी बहुतेक चार-पाच स्वरांत फिरतात आणि साथीला काही नसतं. पहिली ओळ झाली की मनात षड्ज ठरवा आणि फोनच्या तानपुऱ्यावर, आवाज अगदी बारीक करून, त्याची पट्टी पाहून ठेवा. पाच-सहा गाण्यांनंतर पुन्हा पाहा. पट्टी सरकलेली असते. कधी उत्साहाने वर जाते, कधी दमल्यावर खाली येते, पण सगळ्या जणी एकत्र सरकतात आणि कुणीच कुणाला बेसूर वाटत नाही. आधार बाहेर नसताना माणसं एकमेकींना ऐकून सूर कसा धरतात हे इथे प्रत्यक्ष कळतं. कानबाई या खान्देशातल्या देवीच्या गाण्यांवरही श्रावणात हाच अभ्यास करता येतो. ध्वनिमुद्रण करायचं असेल तर आधी विचारा. ही गाणी घरातली आहेत.

याच महिन्यांत लग्नसराई असते, आणि कानाला खरा धोका तिथे आहे. ८५ डेसिबलला आठ तास ही सुरक्षित मर्यादा धरली, तर दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होत जातो. १०० डेसिबलला पंधराच मिनिटं उरतात. वरातीतला डीजे किंवा ताशा अगदी जवळून सहज तेवढा असतो. औषधाच्या दुकानात मिळणारे फोमचे बोळे खिशात ठेवा, बोटांत वळून बारीक करून, कान वर ओढून आत घाला आणि फुगेपर्यंत धरून ठेवा. नुसते तोंडाशी खोचले तर उपयोग नाही. वरातीहून आल्यावर कान गुणगुणत असेल तर त्या रात्री वाद्य जुळवू नका. तेव्हा लाटा नीट ऐकू येत नाहीत.

पेटीचं काम मे संपायच्या आत उरका. वाळलेल्या लाकडाच्या सांध्यांतून हवा जाते. तपासायला भाता पूर्ण भरा, समोरचे ओढायचे सगळे खटके बंद करा आणि एकही पट्टी न दाबता पाहा. तो झटकन बसला तर गळती आहे. सांध्यालगत ओठ किंवा ओला हात धरला की हवा कुठून येते ते कळतं. तिथे पातळ चामडं किंवा कापड चिकटवून घ्यावं. पाऊस लागला की लाकूड फुगतं, ती फट दिसेनाशी होते, पट्ट्या अडकायला लागतात आणि कारागिरालाही नेमका दोष सापडत नाही. तबल्याची नवी पुडी मात्र पावसाळ्यात चढवू नका. ओल्या हवेत चढवलेली पुडी दिवाळीनंतर सुकते आणि पट्टीच्या बरीच वर निघून जाते. ते काम आता, कोरड्या हवेतच करून घ्यावं.