ल्युब्ल्याना : महापौर ह्रिबार यांचं शहर पायी पाहताना

स्लोव्हेनियाच्या राजधानीला, ल्युब्ल्यानाला येणारे बहुतेक पर्यटक वास्तुविशारद प्लेच्निक यांचा तिहेरी पूल पाहतात, कॉफी पितात आणि ब्लेड या तळ्याकाठच्या गावाची बस धरतात. माझा आग्रह आहे, एक अख्खी सकाळ इव्हान ह्रिबार यांच्यासाठी ठेवा. एप्रिल १८९५ मध्ये ईस्टरच्या रात्री भूकंपाने हे शहर खिळखिळं केलं. पुढच्याच वर्षी ह्रिबार महापौर झाले आणि १९१० पर्यंत राहिले. विजेचे दिवे, ट्राम, नवे रस्ते, सगळं त्यांच्याच काळातलं.

व्हिएन्नाहून थेट रेल्वेने या. सहाएक तास लागतात, पण सेमरिंगच्या घाटात खिडकी सोडवत नाही. स्टेशनवरून टॅक्सी नको. मिक्लोशिच रस्त्याने दहा-बारा मिनिटांत प्रेशेरेन चौक येतो. वाटेत न्यायालयासमोरची बाग वास्तुविशारद फाबियानी यांनी आखलेली, पुढे १९०५ चं युनियन हॉटेल. चौकातला कवी प्रेशेरेन यांचा पुतळाही त्याच वर्षीचा. कवीच्या डोक्यावर उघड्या अंगाची काव्यदेवता आणि शेजारीच चर्च! बिशपांनी हरकत घेतली, तरी पुतळा जागचा हलला नाही.

खरा वेळ द्या तो ड्रॅगन पुलाला. भूकंपात जुना लाकडी पूल निकामी झाला. दगडाचा परवडेना, म्हणून त्या काळी नवलाईचं असलेलं लोखंड-काँक्रीट निवडलं. १९०१ मध्ये पूल खुला झाला. जवळ जाऊन पाहा, त्यावर १८४८–१८८८ असे आकडे आहेत : तेव्हा हे शहर ज्यांच्या साम्राज्यात होतं, त्या ऑस्ट्रियाच्या सम्राट फ्रान्झ जोसेफ यांच्या राज्याची ४० वर्षं. ज्याच्या सन्मानार्थ पूल बांधला, त्याच सम्राटाने १९१० मध्ये ह्रिबार यांच्या फेरनिवडीला मंजुरी नाकारली. १९०८ च्या जर्मनविरोधी निदर्शनांनंतर दरबाराला ते नकोसे झाले होते.

एप्रिल १९४१ मध्ये, तोवर युगोस्लाव्हियात असलेलं हे शहर इटलीने ताब्यात घेतलं, तेव्हा ८९ वर्षांच्या ह्रिबार यांनी युगोस्लाव्ह ध्वज अंगाभोवती गुंडाळून ल्युब्ल्यानित्सा नदीत उडी घेऊन जीव दिला. नदीकाठच्या एका रस्त्याला त्यांचं नाव आहे, तिथेच त्यांचा पुतळा. तिथे थांबल्याशिवाय पुढे जाऊ नका.

शेंगेन व्हिसा लागतो. शहरबसमध्ये रोख चालत नाही. जुन्या भागात गाड्यांना बंदी आहे. ज्येष्ठांसाठी 'कावालिर' ही विजेवरची छोटी गाडी फुकट मिळते, हात केला की थांबते. नळाचं पाणी बिनदिक्कत प्या. रविवारी मंडई बंद असते, त्यामुळे शक्यतो शुक्रवार साधा : वसंतापासून ऑक्टोबरपर्यंत, पाऊस नसेल तर, मंडईलगतच्या चौकात खाद्यपदार्थांचे ठेले लागतात.