आमची वाटचाल : ड्रायव्हरला न्याय देणारा आलेख

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचं दोन खोल्यांचं ऑफिस आहे. बाहेर लेथचा खणखणाट, आत स्क्रीनवर वेगाच्या रेषा. रेसिंग ड्रायव्हर ट्रॅकवर जे करतो त्याची नोंद घ्यायची, तिचे आलेख काढायचे आणि ते त्याच्याशेजारी बसून वाचायचे, हा आमचा धंदा. आमच्याकडे कार्टिंग करणारी, म्हणजे छोट्या उघड्या रेसिंग गाड्या चालवणारी पोरं येतात, चेन्नई-कोइमतूरच्या सिंगल सीटर, म्हणजे एका माणसाच्या रेसिंग गाड्यांच्या मालिकांत उतरणारे तरुण येतात आणि स्वतः रेसिंग गाडी बनवून स्पर्धेत उतरणाऱ्या इंजिनिअरिंग कॉलेजांच्या फॉर्म्युला स्टुडंट टीम येतात.

याची मुळं वडिलांच्या वर्कशॉपात आहेत. कोल्हापूरला शर्यतींची हौस पहिल्यापासूनची. वडील कार्टची इंजिनं उघडायचे, अ‍ॅक्सल सरळ करून द्यायचे, आणि मी ट्रॅकच्या कडेला स्टॉपवॉच घेऊन वहीत लॅप टाइम लिहायचे. प्रत्येक फेरीला एकच आकडा, आणि त्या एका आकड्यावरून संध्याकाळी वाद. पोरगा म्हणायचा, इंजिन ओढत नाही. मेकॅनिक म्हणायचा, पोरगा वळणात घाबरतो. पैसे घालणारा बाप दोघांच्या तोंडाकडे बघत राहायचा. खरं कोण, हे वहीतून कधीच कळलं नाही, आणि दोष बहुतेक वेळा पोराच्याच माथी जायचा. हे मला तेव्हापासून खुपत होतं.

पुढे इंजिनिअरिंग केलं, चाकणला वाहन चाचणीच्या कामात काही वर्षं काढली. गाडीतल्या मोजण्या साठवणारा डेटा लॉगर, ब्रेकचा दाब मोजणारे सेन्सर, स्टिअरिंगचा कोन या गोष्टी तिथे रोजच्या झाल्या. त्या वहीतल्या वादाचं उत्तर या रेषांमध्ये आहे असं वाटायला लागलं, तशी नोकरी सोडून गावी परतले.

सुरुवातीला साधनं बेताची होती. मोबाइलचा जीपीएस सेकंदाला साधारण एकदा जागा सांगतो. ताशी १८० किलोमीटर वेगाला गाडी सेकंदात ५० मीटर जाते, म्हणजे दोन नोंदींच्या मध्ये अख्खं ब्रेकिंग होऊन जातं. सेकंदाला १० नोंदी घेणारं यंत्र आलं तेव्हा हे अंतर ५ मीटरवर आलं. आजही एखादा ड्रायव्हर विचारतो, ‘ताई, मी ब्रेक दोन मीटर उशिरा मारला का?’ त्याला आम्ही स्पष्ट सांगतो की या यंत्राच्या रेषेवरून दोन मीटरचा निवाडा देता येत नाही. त्यासाठी ब्रेकच्या दाबाचा वेगळा सेन्सर लागतो. जे मोजलंच नाही ते आलेखात गुळगुळीत रेषेनं दाखवणं मला पाप वाटतं.

आमचा पहिला आलेख नेहमी एकच असतो : आडव्या अक्षावर ट्रॅकवरचं अंतर, उभ्या अक्षावर वेग. वेळ आडव्या अक्षावर घेतली तर दोन लॅप हळूहळू एकमेकांपासून सरकत जातात आणि एकाचं चौथं वळण दुसऱ्याच्या सरळ पट्ट्यावर येऊन बसतं. अंतर घेतलं की वळणावर वळण येतं. त्याच्या खाली फरकाची रेषा असते. दुसऱ्या लॅपच्या तुलनेत आपण किती मागे पडलो ते ती प्रत्येक मीटरला सांगते. रेषा चढत असेल तिथे वेळ जातोय, सपाट असेल तिथे बरोबरी. पोरांना ही रेषा लगेच कळते. वळणात वेळ घालवला असं ज्याला वाटत असतं, त्याची रेषा पुष्कळदा वळणात सपाट असते आणि नंतरच्या पट्ट्यावर चढत जाते. वळणातून बाहेर पडताना थ्रॉटल, म्हणजे वेग वाढवणारं पेडल, देऊन पुन्हा सोडलेला असतो. त्यामुळे ६०० मीटरच्या पट्ट्यावर सरासरी वेग १५० ऐवजी १४८ राहिला, तरी जवळजवळ दोन दशांश सेकंद जातात. ही हानी पट्ट्यावर दिसते म्हणून मेकॅनिक इंजिन उघडायला बसतो, आणि कारण मागच्या वळणात असतं.

उलटंही घडतं. थ्रॉटल पूर्ण उघडा आहे, वळणातून बाहेर पडतानाचा वेग दुसऱ्या गाडीइतकाच आहे, वारा तोच आहे, तरी वेग वाढतच नाही, तेव्हा पोरगा खरं बोलत असतो. अशा वेळी आम्ही बापाला आणि टीमला ती रेषा समोर ठेवून दाखवतो. या कामातला माझा सगळ्यात आवडता क्षण तोच.

दुसरा आवडता आलेख म्हणजे पकडीचं वर्तुळ. उभ्या अक्षावर ब्रेक आणि वेगवाढीचा जोर, आडव्यावर वळणाचा जोर, आणि लॅपच्या प्रत्येक क्षणाचा एक ठिपका. नवख्या पोराचे ठिपके अधिकाच्या चिन्हासारखे पडतात : आधी सरळ रेषेत ब्रेक, मग ब्रेक सोडून वळण, मग सरळ थ्रॉटल. मुरलेला ड्रायव्हर ब्रेक हळूहळू सोडतच वळणात शिरतो, म्हणून त्याचे ठिपके कोपऱ्यांतही भरतात. टायरची पकड दोन कामांत वाटून घेता येते, ती त्यानं पुरेपूर वापरलेली असते. तासभर बोलून जे कळत नाही ते या दोन चित्रांत एका नजरेत कळतं.

आईवडिलांचा प्रश्न मात्र वेगळा असतो. ‘आमचा मुलगा चांगला आहे का, एका आकड्यात सांगा.’ तो आकडा आम्ही देत नाही. त्यांना मी १९८८ सालच्या फॉर्म्युला वनचं उदाहरण देते. आयर्टन सेना आणि अ‍ॅलन प्रॉस्ट हे ड्रायव्हर दोघेही मॅक्लारेन टीममध्ये, गाडी सारखी, आणि त्या टीमनं १६ पैकी १५ शर्यती जिंकल्या. प्रॉस्टचे एकूण गुण १०५ झाले, सेनाचे ९४. पण नियमानं उत्तम ११ निकालच धरायचे होते, त्यामुळे प्रॉस्टचे ८७ उरले, सेनाचे ९० आणि विजेतेपद सेनाला. शर्यती सेनानं ८ जिंकल्या, प्रॉस्टनं ७. शर्यतीआधीच्या पात्रता फेरीत पहिला क्रमांक सेनानं १३ वेळा मिळवला, प्रॉस्टनं दोनदा. कोणता आकडा घ्याल? प्रत्येक आकडा वेगळ्या गुणाबद्दल बोलतो. मुलाचंही तसंच आहे. एका लॅपचा वेग, दहा लॅपमधलं सातत्य, गर्दीतली शर्यत, पावसातला धीर, हे सगळं वेगवेगळं बघावं लागतं. सातत्यासाठी आम्ही सरासरी वापरत नाही, कारण एक घसरलेला लॅप ती बिघडवतो. मधला लॅप टाइम आणि बाकीचे लॅप त्याच्या आजूबाजूला किती पसरलेत, ते पेटीच्या आलेखात (बॉक्स प्लॉट) दाखवतो.

कॉलेजच्या टीमनी आमचं काम वाढवलं. कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर होणाऱ्या फॉर्म्युला भारत या कॉलेजांच्या स्पर्धेत सुमारे २२ किलोमीटरची एन्ड्युरन्स, म्हणजे लांब पल्ल्याची फेरी असते आणि मध्ये ड्रायव्हर बदलावा लागतो. एकच गाडी, दोन ड्रायव्हर, म्हणजे तुलनेला याहून सरळ संधी नाही. तरी तिथेही जपावं लागतं. दुसरा ड्रायव्हर बसतो तेव्हा टायर आणि इंजिन तापलेलं असतं, ट्रॅकवर रबर बसलेलं असतं. हे बाजूला न काढता त्याला हुशार म्हणणं पहिल्यावर अन्याय आहे. मोठ्या शर्यतीत इंधनाचाही हिशेब लागतो. फॉर्म्युला वनमध्ये १० किलो इंधनामागे एका लॅपला साधारण तीन दशांश सेकंद धरतात. इंधन जळतं तशी गाडी हलकी होऊन वेगात येते, टायर झिजतात तशी मंदावते. या दोन्ही गोष्टी वजा केल्यावर जे उरतं ते ड्रायव्हरचं.

लॉकडाऊनमध्ये ट्रॅक बंद पडले, ऑफिसचं भाडं चालू राहिलं. त्या काळात सिम्युलेटरवर शर्यती करणाऱ्या मुलांनी आम्हाला तगवलं. तिथे प्रत्येक गोष्टीची नोंद आयती मिळते. फॉर्म्युला वनची २०१८ पासूनची टेलिमेट्री, म्हणजे गाडीतून आलेल्या वेग-ब्रेकच्या नोंदी, फास्टएफवन या मोफत पायथन लायब्ररीतून (तयार प्रोग्रॅममधून) उतरवता येते, ती घेऊन आम्ही आलेख वाचायचे ऑनलाइन वर्ग सुरू केले. आजही नव्या मुलांना आधी त्यावरच बसवतो आणि मग स्वतःचा डेटा उघडायला देतो.

२०२३ मध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर मोटोजीपी ही दुचाकींची जागतिक शर्यत झाली, तेव्हापासून दुचाकीवाल्यांचे फोन वाढलेत. दुचाकीत गाडी किती कलली हा नवा कोन येतो, आणि स्वार स्वतः अंग बाहेर काढून तो कमी करतो. म्हणजे नुसत्या कलण्यावरून धाडस ठरवणं पुन्हा चुकीचंच. सध्या आम्ही कलण्याचा कोन, वळणातला जोर आणि मागच्या चाकाची घसरण एकाच पानावर वाचता येईल असा आलेख बसवतोय. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ३.७ किलोमीटरच्या ट्रॅकवर दोन स्वार तो आमच्यासाठी तपासून बघतायत. त्यांना तो पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या दुरुस्तीच्या जागेत, उभ्या उभ्या, हेल्मेट हातात असताना वाचता आला, की बाकीच्यांना देऊ.