चार अंशांचे पाणी

२ नोव्हेंबर

आज सकाळी दोरीला बांधलेला थर्मामीटर तळ्याच्या सर्वांत खोल भागात सोडला, पाच मिनिटे काठावर बसून राहिले आणि मग तो वर ओढला. पाणी ११ अंश सेल्सिअस भरले. परसातल्या या तळ्याचा हिवाळा मी याच आकड्यावरून ठरवते, कारण हवा एका रात्रीत गारठली तरी पाणी तिच्यामागून सावकाश थंड होत जाते, आणि त्यातल्या गोल्डफिश माशांचे सगळे जगणे त्या पाण्याच्या गतीने चालते. त्यांच्या अंगात स्वतःची ऊब नसते. पाणी ११ अंश, तर मासाही ११ अंश.

म्हणून आज शेवटचे खाद्य टाकले. गेले तीन आठवडे मी त्यांना गव्हाच्या अंकुराचे, पचायला हलके खाद्य देत होते, तेही एक दिवसाआड आणि पाच मिनिटांत संपेल एवढेच. पाणी १० अंशांच्या खाली गेले की डबा बंद. थंडीत माशाचे पचन इतके मंदावते की खाल्लेले पुढे सरकत नाही. शिवाय माशांच्या अंगातून पाण्यात उतरणाऱ्या अमोनियाचा निचरा करणारे फिल्टरमधले जिवाणूही याच सुमारास सुस्त झालेले असतात. उन्हाळाभर चरबी साठवलेला धडधाकट मासा त्या साठ्यावर अख्खी थंडी काढतो. हे सगळे मला पाठ आहे, तरीही मी काठाशी गेले की पाच-सहा तोंडे वर येतात आणि रिकाम्या हाताने परत फिरणे मला दर वर्षी जड जाते.

९ नोव्हेंबर

दिवसभर पानांच्या मागे होते. झाडे पाने गाळू लागण्यापूर्वीच तळ्यावर जाळी ताणली होती, पण कडेच्या फटींतून बरीच पाने आत शिरली आणि पाणी पिऊन तळाला बसली. ही पाने तशीच राहिली तर हिवाळाभर कुजत राहतात, कुजताना पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेतात, आणि गाळाच्या आतल्या थरांत, जिथे ऑक्सिजन पोहोचतच नाही, तिथे सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. उघड्या पाण्यातून हा वायू हळूहळू हवेत निघून जातो. वर बर्फाचे झाकण बसले की तो आतच कोंडतो. हिवाळ्यात मासे गारठून मेले असे आपण म्हणतो, तेव्हा त्यांतले कित्येक खरे तर या कोंडमाऱ्याने गेलेले असतात, असे माझे आता ठाम मत झाले आहे.

हातजाळ्याने गाळ काढताना मी तळ खरवडून लख्ख करत नाही. वरची सुटी पाने आणि साधारण अर्धा गाळ एवढेच काढते, कारण उरलेल्या अर्ध्यात कोणाचे तरी घर असते. काढलेला ढीग रात्रभर काठावरच ठेवते, म्हणजे ज्यांना परतायचे असेल ते सरपटत पाण्यात परततात. आज त्या काळ्या लगद्यात काहीतरी वळवळले म्हणून तळहातावर घेतले, तर चतुराची अळी निघाली: बोटाच्या दोन पेरांएवढी, मातकट, अंगावर गाळाचे कण चिकटलेले, सहा पाय माझ्या कातडीला घट्ट धरून बसलेली. तिचा खालचा ओठ घडी घालून तोंडाखाली दुमडलेला असतो आणि भक्ष्य समोर आले की तो झटक्यात पुढे फेकला जातो. विश्रांतीत मात्र तो तोंडावर बांधलेल्या फडक्यासारखा दिसतो. ती पोटाच्या टोकातून पाणी आत-बाहेर करत श्वास घेते, त्यामुळे हातावर राहिलेल्या थेंबभर पाण्यातही तिचे पोट आक्रसत-फुगत होते. हात पाण्याखाली नेल्यावर ती लगेच गेली नाही. थोडा वेळ तशीच बसली आणि मग सुटली.

वॉटरलिलीची पिवळी पडलेली पाने कापली आणि तिची कुंडी उथळ पायरीवरून खोल भागात उतरवली. थंडी सोसणाऱ्या जातीचा कंद पाण्याखाली खुशाल राहतो. तो स्वतः गोठला नाही म्हणजे झाले. हॉर्नवर्ट या पाण्याखालच्या वनस्पतीला मात्र हात लावला नाही. त्याची शेंडे मिटलेली, दाट टोके तुटून आपोआप तळाशी जाऊन बसतात आणि वसंतात तिथूनच फुटतात.

१७ नोव्हेंबर

पंप बाहेर काढला. याविषयी जरा सविस्तर लिहून ठेवायचे आहे, कारण माझ्या पहिल्या हिवाळ्यात मी सर्वांत मोठी चूक इथेच केली.

बहुतेक पदार्थ थंड होताना आक्रसतच जातात. पाणी तसे वागत नाही. ते सुमारे ४ अंशांना सर्वांत जड असते आणि त्याखाली पुन्हा हलके होऊ लागते. त्यामुळे कडाक्याच्या थंडीत शून्याजवळचे पाणी वर तरंगते, त्याचाच बर्फ होतो, आणि ४ अंशांच्या आसपासचे जड पाणी तळाशी साचून राहते. शांत तळ्यात खालची ओंजळभर ऊब अशी आपोआप राखली जाते आणि मासे तिथेच, एकमेकांना खेटून, हालचाल न करता हिवाळा काढतात. मात्र त्यासाठी तळ्याला खोली हवी. माझे तळे मधोमध ९० सेंटिमीटर आहे, आणि याहून फार उथळ तळ्यात मी तरी मासे बाहेर ठेवणार नाही.

त्या पहिल्या वर्षी वाहते पाणी गोठत नाही एवढेच मला ऐकून माहीत होते. मी पंप तळाशीच ठेवला आणि छोटा धबधबाही रात्रंदिवस चालू ठेवला. पाणी खरोखरच फारसे गोठले नाही, आणि मला वाटले की मी मोठी काळजी घेतली. प्रत्यक्षात पंप तळाचे उबदार पाणी उपसून थंड हवेत उडवत होता आणि गारठलेले पाणी पुन्हा तळाशी ढकलत होता. जानेवारीत थर्मामीटर खाली सोडला तेव्हा तिथे १ अंश होता. माशांना जायला जागाच उरली नव्हती. दोन मासे कुशीवर पडलेले सापडले. त्यांतला मोठा, पांढऱ्या शेपटीचा, तळे झाल्यापासून आमच्याकडे होता. त्याला मी माझ्या हाताने, काळजी म्हणून, मारले. हे लिहिताना आजही हात थबकतो.

आता पंप बाहेर काढून, धुऊन, आतले रबर वाळू नये म्हणून पाण्याच्या बादलीत बुडवून घरात ठेवते, आणि पाइपांतले पाणी पूर्ण काढून टाकते. पाणी गोठताना आकारमानाने सुमारे ९ टक्के फुगते, त्यामुळे पाइपात उरलेले वीतभर पाणीही सांधा फोडायला पुरते. पंपाच्या जागी हवेचा लहान पंप लावते आणि त्याच्या नळीच्या टोकाचा, बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड तळाशी न सोडता उथळ पायरीवर, ३० सेंटिमीटर खोलीवर ठेवते. बुडबुडे तेवढ्यापुरते वरचे पाणी हलवतात आणि खालच्या थराला धक्का लागत नाही.

१४ डिसेंबर

पहिला पक्का बर्फ. हवेच्या दगडावर ताटाएवढे भोक रात्रभर उघडे होते.

६ जानेवारी

काल रात्री हवेचा पंप बंद पडला आणि सकाळी सगळे तळे झाकलेले होते. बर्फावर हातोडा मारायचा नाही, हा माझा नियम. पाणी दाबले जात नाही, म्हणून वरचा आघात जवळजवळ तसाच्या तसा खालपर्यंत जातो, आणि अर्धवट झोपेतल्या माशांना तो सोसत नाही. मी रुंद पातेल्यात उकळते पाणी भरले, कड्यांना दोरी बांधली आणि पातेले बर्फावर ठेवले. सुरुवातीला काहीच होत नाही. मग बुडाभोवती पाण्याची पातळ, चमकती रेघ उमटते, बर्फातून बारीक टक्‌टक्‌ ऐकू येते, पातेले एका बाजूला किंचित कलते आणि बघता बघता स्वतःच्याच आकाराची खोबण करून खाली जाऊ लागते. तीनदा पाणी बदलावे लागले. शेवटी दोरीने पातेले उचलले तेव्हा खाली स्वच्छ गोल उघडला आणि त्यातून गाळाचा मंद वास आला. हा वास आत कोंडून राहिला नाही, याचे मला फार बरे वाटले.

दुपारपर्यंत हवेचा पंप दुरुस्त झाला. मग बर्फावर साचलेला हिम मऊ झाडूने काठावरूनच लोटला. नुसत्या बर्फातून उजेड आत जातो, हिमाच्या थरातून फारसा जात नाही, आणि तळाच्या वनस्पती थोडाफार ऑक्सिजन तयार करतात तो त्या उजेडावरच.

१९ जानेवारी

आज स्वच्छ ऊन होते आणि झाडलेल्या बर्फातून तळ दिसत होता. पाचही मासे कुंडीच्या आडोशाला एका दिशेला तोंड करून होते. लेक बराच वेळ पालथी पडून पाहत होती. “आई, ते हलतच नाहीत. मेले का गं?” मी तिला कल्ल्यांकडे बघायला सांगितले. बरेच थांबल्यावर एक कल्ला उघडला आणि मिटला. पुन्हा बरेच थांबल्यावर दुसऱ्याचा.

थंड पाण्यात ऑक्सिजन अधिक विरघळतो, हा निसर्गाचा मोठा आधार आहे: शून्य अंशाला लिटरमागे सुमारे १४.६ मिलिग्रॅम, तर २५ अंशांना जेमतेम ८.३. शिवाय शरीर मंदावल्याने गरजही घटलेली असते. त्याहून आश्चर्य म्हणजे गोल्डफिशची शेवटची सोय. ऑक्सिजन अगदी संपला तर बहुतेक प्राण्यांच्या अंगात लॅक्टिक आम्ल साचत जाते आणि ते मरतात. गोल्डफिश मात्र त्याचे रूपांतर अल्कोहोलात करतो आणि ते कल्ल्यांवाटे पाण्यात सोडून देतो. लेकीला हे सांगितले तेव्हा तिने विचारले, “मग आपण भोक का पाडतो?” प्रश्न अगदी बरोबर होता. मी म्हटले, त्याच्याजवळ ती सोय आहे म्हणून त्याला ती वापरायला लावायची नाही, तळाच्या गाळात झोपलेल्या बेडकाजवळ तर ती नाहीच.

तेवढ्यात एक मासा उन्हाच्या पट्ट्यात हळूच वर आला. लेक खाद्याचा डबा आणायला धावणार होती. तिला थांबवले, आणि खरे सांगायचे तर स्वतःलाही.

११ फेब्रुवारी

बर्फ काठापासून सुटला. पाण्यावर एक बेडूक उताणा तरंगत होता. तळाच्या गाळात हिवाळा काढणारा बेडूक त्या काळात केवळ कातडीतून श्वास घेतो, म्हणून तळाचे पाणी बिघडले की आधी तोच जातो. त्याला उचलून झुडपाखाली पुरले. सहा जानेवारीच्या त्या एका रात्रीमुळे हे झाले की आणखी कशाने, हे ठरवता येत नाही, पण पुढच्या हिवाळ्यासाठी हवेचा दुसरा पंप हाताशी ठेवणार आहे.

पातळी चार बोटे उतरली होती. नळाचे पाणी पिंपात भरून त्यात क्लोरीन घालवणारे औषध टाकले, रात्रभर ठेवून तेही तळ्याइतकेच गार होऊ दिले, आणि मग मगाने काठावरून सोडले.

२७ फेब्रुवारी

तळाशी ७ अंश. दोन मासे आज पायरीवर येऊन गेले आणि एकाने माझ्या सावलीखाली तोंड उघडले. हे दिवस मला डिसेंबरपेक्षा अवघड वाटतात. माशांची प्रतिकारशक्ती अजून जागी झालेली नसते, पाण्यातले रोगजंतू मात्र तिच्याआधी वाढू लागतात, आणि हिवाळाभर चरबीवर जगलेला मासा नेमका आत्ता सर्वांत अशक्त असतो. नीट पाहिले: कोणाच्या अंगावर लाल चट्टा नाही, खवले उभे नाहीत, पर फाटलेले नाहीत. पांढऱ्या ठिपक्याची धाकटी थोडी बारीक दिसते.

खाद्याचा डबा अजून फडताळात, वरच्या खणात आहे. पाणी सलग आठवडाभर १० अंशांच्या वर राहिले की काढीन. थर्मामीटर आज वर ओढला नाही, दोरी कडेच्या दगडाला बांधून तसाच पाण्यात राहू दिला.