एडिसनमधली दोन हायस्कूलं: तुलना कशी करावी

न्यू जर्सीतल्या एडिसनच्या स्कूल डिस्ट्रिक्टची (स्थानिक शाळा चालवणाऱ्या संस्थेची) दोन सरकारी हायस्कूलं आहेत: उत्तरेला जे. पी. स्टीव्हन्स, दक्षिणेला एडिसन हाय. मराठी घरांत चर्चा रँकिंगचीच होते, पण एका आकड्यावर घर घेऊ नका. राज्याचा वार्षिक स्कूल परफॉर्मन्स रिपोर्ट उघडा. एपीला (हायस्कूलमध्येच होणारी कॉलेज पातळीची परीक्षा) किती मुलं बसली एवढंच बघून फसगत होते. ५ पैकी ३ किंवा जास्त गुण किती जणांना मिळाले तेही पाहा. सतत गैरहजर राहणाऱ्या मुलांचा आकडा तर बघाच: १० टक्के दिवस, म्हणजे १८० दिवसांच्या वर्षात १८ दिवस बुडाले की मूल त्यात मोजलं जातं. भाडेकरारावर सही करण्याआधी नेमका पत्ता देऊन डिस्ट्रिक्ट ऑफिसकडून त्या पत्त्याला कोणती शाळा मिळते ते विचारून घ्या. एजंटच्या शब्दावर जाऊ नका.