खिडकी बदलू नका, काच बदला

थंडी सुरू झाली की आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी ना कुणी खिडकीचा फोटो टाकतंच. दोन तावदानांच्या मध्ये पांढरट धुकं, तळाशी ओघळ, आणि खाली प्रश्न: "नवीन खिडक्या बसवणारा कुणी चांगला माणूस माहीत आहे का?" लगेच दोन-चार नंबर येतात, विक्रेता घरी येऊन मापं घेऊन जातो आणि हजारो पौंडांचं कोटेशन हातात पडतं. मला हे बघवत नाही. बहुतेक घरांत चौकट अगदी धडधाकट असते. आम्ही इंग्लंडमधल्या रेडिंगमध्ये नव्वदीतल्या सेमी-डिटॅच्ड घरात राहतो, खिडक्याही तेव्हाच्याच आहेत, आणि हळूहळू त्यांतल्या जवळजवळ प्रत्येकीचं काही ना काही काम मी स्वतः केलं आहे. म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी ओल नेमकी कुठे आहे ते बोटाने पुसून बघा. सकाळी काचेच्या बाहेरच्या बाजूला दव दिसलं तर आनंद माना. घरातली ऊब बाहेरच्या काचेपर्यंत पोचतच नाही, ती गार राहते, म्हणून तिच्यावर दव धरतं. काच उत्तम काम करते आहे. आतल्या बाजूला पाणी असेल तर दोष खिडकीचा नसून घरातल्या हवेचा असतो. खोली २० अंशांवर आणि आर्द्रता ६० टक्के असेल तर १२ अंशांपेक्षा गार असलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर पाणी जमणारच. जुन्या खिडक्यांत दोन काचांच्या मधली पट्टी ॲल्युमिनियमची असते, त्यामुळे काचेच्या कडा सगळ्यात गार, आणि पाणी आधी तिथेच, खालच्या कडेला दिसतं.

आपल्या घरांत हे जास्त होतं, त्याची कारणंही उघड आहेत. कुकरच्या शिट्ट्या, उकळता चहा, डाळ-भात, आणि बाहेर वाळत नाहीत म्हणून रेडिएटरवर टाकलेले कपडे. त्यात गार वारा येतो म्हणून खिडकीच्या वरच्या कडेला असलेली हवेची बारीक खाच आपण सरकपट्टीने बंद करून टाकतो. ती उघडी ठेवा. कुकर लावला की एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे हवा बाहेर फेकणारा पंखा, चालू करा आणि गॅस बंद केल्यावरही थोडा वेळ चालू राहू द्या. कपडे एका खोलीत, दार लावून, खिडकी किलकिली करून वाळवा. एवढ्याने आतलं पाणी बरंच कमी होतं, खर्च काही नाही.

बोटाने दोन्हीकडून पुसूनही धुकं जात नसेल, तर मात्र ते दोन काचांच्या मध्ये आहे. म्हणजे त्या युनिटचं सील गेलं. युनिट म्हणजे दोन काचा, मध्ये चारही बाजूंनी पोकळ पट्टी, आणि कडेने दोन थरांचं सील. त्या पोकळ पट्टीत ओल शोषणारे बारीक मणी भरलेले असतात. मिठाच्या डबीत आपण तांदळाचे दाणे टाकतो तेच काम ते करतात. सीलमधून वर्षानुवर्षं थोडी थोडी वाफ आत शिरते, मणी ती शोषत राहतात, आणि एक दिवस त्यांची क्षमता संपते. मग थंड सकाळी धुकं दिसायला लागतं, दुपारी जातं, पुढे कायमचं राहतं.

पण सील लवकर का जातं? माझ्या अनुभवात उत्तर बहुतेक वेळा एकच: युनिटची खालची कड पाण्यात बसलेली असते. हे कळलं की खिडकीकडे बघण्याची नजरच बदलते. आपल्याला वाटतं, चांगली खिडकी म्हणजे जिच्यात पाण्याचा थेंब शिरत नाही ती. प्रत्यक्षात यूपीव्हीसीची, म्हणजे कडक प्लास्टिकच्या चौकटीची खिडकी थोडं पाणी आत येणार हे धरूनच बनवलेली असते. काचेभोवतीच्या रबराच्या मागे गेलेलं पाणी चौकटीच्या पन्हाळीत उतरतं आणि खालच्या भोकांतून बाहेर पडतं. ही भोकं बंद झाली की पाणी साठतं, काचेची कड महिनोन्‌महिने भिजत राहते आणि सील सुटतं.

म्हणून ही परीक्षा आजच करून बघा. झडप उघडा. खालच्या चौकटीच्या पन्हाळीत अर्धा कप पाणी हळूच ओता आणि बाहेरून बघा. चौकटीच्या समोरच्या अंगाला किंवा खालून बारीक फटी असतात, तिथून पाणी लगेच बाहेर यायला हवं. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत पाणी तसंच उभं राहिलं होतं. आत काळा चिकट गाळ, त्यात कोळ्याची जाळी, शेवाळ आणि कधीकाळच्या रंगाचे पापुद्रे. गाळ आधी जुन्या टूथब्रशने आणि कापडाने काढला, मग प्लास्टिकची केबल टाय भोकात घातली. आतलं आणि बाहेरचं भोक मुद्दामच समोरासमोर नसतं, वारा सरळ आत घुसू नये म्हणून. त्यामुळे टाय सरळ ढकलून उपयोग नाही, ती आडवी फिरवावी लागते. जरा वेळाने गाळाची गुठळी सुटली आणि बाहेरच्या फटीतून चहासारखं पाणी भळभळत खाली आलं. नंतर कोमट पाणी स्वच्छ बाहेर येईपर्यंत ओतत राहिले. कुणी "गळती थांबवायला" या फटी बाहेरून सिलिकॉनने बुजवल्या असतील तर ते सिलिकॉन आधी काढा. खिडकीचं त्याहून मोठं नुकसान दुसऱ्या कशाने होत नाही.

आता धुकटलेल्या काचेचं काय? काचेला छोटं भोक पाडून आतली ओल काढून देणारेही आहेत. मी तो मार्ग सांगणार नाही. काच पारदर्शक दिसेल, पण फुटलेलं सील जुळत नाही आणि आत आर्गॉनसारखा उष्णता अडवणारा वायू भरलेला असेल तर तो परत येत नाही. नवीन युनिट मागवणं हाच खरा उपाय, आणि त्यात फायदाही आहे. एकेरी काचेतून उष्णता निसटण्याचा आकडा, ज्याला यू-व्हॅल्यू म्हणतात, ५ च्या वर असतो. जुन्या डबल काचेचा २.८ च्या आसपास. आर्गॉन भरलेल्या आणि आतून पातळ धातूचा लेप असलेल्या नव्या युनिटचा साधारण १.२. म्हणजे जुन्याच चौकटीत नवीन काच बसवली तरी घर आधीपेक्षा उबदार होतं.

तुमच्या काचेला तो लेप आहे का, हे बघायला देवघरातलं निरांजन पुरतं. अंधार पडल्यावर ज्योत काचेजवळ धरा. दोन काचांच्या चार पृष्ठभागांची चार प्रतिबिंबं दिसतात. चारही एकाच रंगाची असतील तर लेप नाही, एखादं वेगळ्या छटेचं असेल तर आहे. नवीन युनिट बसवताना लेपाची काच घराच्या बाजूला यायला हवी. त्यावर तसं स्टिकर असतं, बसवून होईपर्यंत ते काढू नका.

माप घेण्यात घाई नको. काच धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्या आतल्या बाजूने असतील तर काम घरात उभं राहून करता येतं. पुट्टीची बोथट पण कडक पट्टी सगळ्यात लांब पट्टीच्या मधोमध फटीत घाला, हळूच उचका. मधून सुटली की टोकं आपोआप येतात. लांब पट्ट्या आधी काढायच्या, आखूड नंतर. बसवताना उलटं, कारण लांब पट्टी वाकवता येते. कुठली पट्टी कुठली ते मागे पेन्सिलीने लिहून ठेवा. मग जुन्या युनिटची रुंदी, उंची आणि जाडी मोजा, किंवा चौकटीतल्या खोबणीचं माप घेऊन दोन्हीतून १० मिलिमीटर वजा करा, म्हणजे प्रत्येक बाजूला ५ मिलिमीटर मोकळे राहतात. जाडी बहुधा २८ मिलिमीटर असते, ४ ची काच, २० ची पोकळी, ४ ची काच. पण जुन्या घरांत २० किंवा २४ ही निघते, अंदाजाने मागवू नका.

वजनाचा विचार आधी करा. काचेचं वजन दर चौरस मीटरला, दर मिलिमीटर जाडीमागे २.५ किलो. आमच्या हॉलची ९० बाय ११० सेंटिमीटरची न उघडणारी काच म्हणजे जवळपास २० किलो. जाड हातमोजे, बूट आणि दुसरा माणूस हवाच. आणि काच जमिनीपासून ८०० मिलिमीटरच्या आत असेल, किंवा दारात अथवा दाराला लागून असेल, तर सुरक्षित प्रकारची, म्हणजे टफन्ड किंवा लॅमिनेटेडच काच मागवा. लहान मुलं असलेल्या घरात तर यात काटकसर नकोच.

काच थेट चौकटीवर टेकवायची नसते, प्लास्टिकच्या छोट्या पॅकरांवर बसवायची असते, आणि पॅकरने पाण्याचं भोक झाकायचं नाही. बाजूने उघडणाऱ्या झडपेत आणखी एक खुबी आहे, जी आमच्या शेजारच्या निवृत्त ग्लेझर (काच बसवणाऱ्या) आजोबांनी मला हाताला धरून शिकवली. एक पॅकर बिजागरीच्या बाजूला खाली आणि दुसरा हँडलच्या बाजूला वर. काचेचं वजन असं तिरपं बिजागरीवर गेलं की झडप लोंबत नाही. "खिडकी घासते, नीट लागत नाही" अशी तक्रार असली की मी आधी हेच तपासते. कधीकधी नवीन काहीच न आणता, नुसता पॅकर सरकवून झडप काटकोनात येते.

बिजागरीच गेली असेल तर तीही स्वस्तात मिळते. स्टीलच्या पट्टीची लांबी मोजा आणि बंद स्थितीतली उंची बघा, ती १३ किंवा १७ मिलिमीटर असते. वरून उघडणारी आणि बाजूने उघडणारी वेगळी. वरच्या मजल्यावरच्या बेडरूमला, आगीत बाहेर पडता यावं म्हणून, पूर्ण उघडणारी खास बिजागरी असू शकते. तिच्या जागी तसलीच घाला, साधी नाही. सरकणाऱ्या भागाला तेल लावू नका, घर्षणावरच झडप वाऱ्यात उभी राहते. सांध्यांना थेंबभर तेल पुरतं. रबराला पेट्रोलियमचं तेल लागलं तर ते फुगतं, त्याला सिलिकॉनचा स्प्रे. कुठून वारा येतो ते शोधायला कागदाची पट्टी झडपेत धरून खिडकी लावा आणि ओढा. जिथून सहज निघते तिथलं रबर थकलंय, किंवा लॉकचे गोल खिळे ॲलन कीने थोडे फिरवायला हवेत.

परवा पुण्याहून चुलतबहिणीचा फोन आला होता, हायवेच्या आवाजासाठी तिनेही डबल काच बसवली आहे. तिलाही मी भोकांचंच सांगितलं. पावसाळ्यात सरकत्या खिडकीच्या रुळात माती साचते आणि पाणी घरात उलटतं. आवाजासाठी म्हणाल तर दोन्ही काचा वेगवेगळ्या जाडीच्या, शक्य तर एक लॅमिनेटेड, याने फरक पडतो.

इंग्लंडमधल्या नियमांबद्दल बरेच जण विचारतात. एप्रिल २००२ पासून पूर्ण खिडकी बदलली तर बिल्डिंग रेग्युलेशन्स लागू होतात, आणि फेन्साचं (खिडक्या बसवणाऱ्यांच्या नोंदणी योजनेचं) किंवा कौन्सिलचं सर्टिफिकेट घर विकताना मागतात. त्याच चौकटीत नुसतं काचेचं युनिट बदललं तर ते लागत नाही.

पट्ट्या बाहेरून असतील आणि खिडकी वरच्या मजल्यावर असेल तर शिडीवर चढून २० किलोची काच हाताळू नका, ग्लेझरला बोलवा. फोनवर "खिडक्या बदलायच्या आहेत" म्हणू नका. "फक्त सील्ड युनिट बदलायचं आहे" असं म्हणा, तीन मापं सांगा, आणि जुनी काच काढली की भोकं साफ करून घ्यायला सांगा. ते होईपर्यंत तिथेच उभ्या राहा.