सीएचडी-५ आणि हिस्टोनची कोरी शेपटी

मंगळवार, रात्रीचे साडेदहा

तीन आठवड्यांच्या खटपटीनंतर आज जेलवर, म्हणजे प्रथिने आकारानुसार वेगळी करणाऱ्या थरावर, हवा तो बँड (प्रथिनाचा पट्टा) दिसला. सीएचडी-५ या प्रथिनातील दोन पीएचडी फिंगरचा, म्हणजे हिस्टोनची शेपटी पकडणाऱ्या दोन छोट्या भागांचा, तेवढा तुकडा जिवाणूंकडून तयार करून घेतला होता आणि हिस्टोन एच-३ (डीएनए ज्याभोवती गुंडाळलेला असतो त्यांपैकी एक प्रथिन) याच्या शेपटीची पेप्टाइडे, म्हणजे छोटे तुकडे, जोडलेल्या बीड्सबरोबर (बारीक मण्यांबरोबर) तो काल रात्रभर कोल्ड रूममध्ये फिरत ठेवला होता. कोऱ्या, म्हणजे कोणतीही रासायनिक खूण नसलेल्या, पेप्टाइडच्या लेनमध्ये (जेलवरच्या रांगेत) गडद निळा बँड उमटला. शेपटीतील चौथ्या स्थानावरच्या लायसीन या अमिनो आम्लावर तीन मिथिल गट असलेल्या पेप्टाइडच्या लेनमध्ये जवळजवळ काहीच नव्हते. आधीच्या दोन खेपांना नुसते जीएसटीसुद्धा (शुद्धीकरणासाठी तुकड्याला जोडलेले प्रथिन) बीड्सना चिकटत होते. धुण्याच्या द्रावणातले मीठ वाढवले, तेव्हा ते सुटले.

हा निष्कर्ष काही वर्षांपूर्वीच प्रसिद्ध झालेला आहे. तरीही मूळ प्रथिन कसे वागते हे स्वतःच्या हाताने पाहिल्याशिवाय रुग्णांमध्ये आढळलेल्या, त्याच्या जनुकातील बदलांकडे वळणे मला पटत नव्हते. चौथ्या लायसीनवरचे ते तीन मिथिल गट म्हणजे चालू जनुकाच्या आरंभाची खूण, आणि हे प्रथिन नेमके ती खूण नसलेली जागा धरते. याच प्रथिनाचे क्रोमोडोमेन (हिस्टोनवरच्या खुणा ओळखणारे दुसरे भाग) मात्र सत्ताविसाव्या लायसीनवरची, जनुके मिटलेली ठेवणारी मिथिल खूण ओळखतात, असे २०१३ मध्ये डब्लिनच्या संशोधकांनी दाखवले. म्हणून त्याला केवळ जनुके बंद करणारे प्रथिन मानावे, तर त्याच अभ्यासात चेतापेशी घडताना त्यांची जनुके नीट चालू होण्यासाठीही ते लागते असे दिसले. मला या जनुकात गुंतवून ठेवणारी गोष्ट हीच आहे.

सीएचडी-५च्या जनुकासाठी वापरलेला ‘केवळ मेंदूतील जनुक’ हा शब्दप्रयोग मी आज माझ्या टिपणातून काढून टाकला. न्यूरोब्लास्टोमा या लहान मुलांतील चेतापेशींच्या कर्करोगात वारंवार गळणाऱ्या, पहिल्या गुणसूत्रावरील १पी३६ या भागात २००३ मध्ये ते सापडले, तेव्हाच्या शोधनिबंधाच्या शीर्षकात ते मज्जासंस्थेत ‘प्राधान्याने’ व्यक्त होते एवढेच म्हटले होते, आणि तो शब्द फार विचारपूर्वक निवडलेला आहे. ते वृषणातही व्यक्त होते. ते नसलेल्या नर उंदरांत शुक्रपेशी घडताना हिस्टोनच्या जागी प्रोटामिन (शुक्रपेशीत डीएनए घट्ट बांधणारी प्रथिने) येण्याची प्रक्रिया बिघडते. वृषण मी विचारातून गाळले असते, तर प्रथिनाचे अर्धे काम माझ्या नजरेआड राहिले असते.

२०२१ मध्ये याच जनुकातील बदलांचा संबंध बौद्धिक अक्षमता, उशिरा येणारे बोलणे आणि अपस्मार यांच्याशी जोडला गेला. त्या बदलांपैकी पहिला उद्या याच बीड्सवर, मिठाचे प्रमाण तेच ठेवून तपासायचा आहे. तुकडा शुद्ध करून ठेवला आहे. बीड्स मात्र सकाळी नव्याने धुवायला हव्यात.