शनिवारची दोन जेवणे

कौटुंबिक न्यायालयात विवाह समुपदेशक म्हणून काम करताना पोटगी, दागिने आणि फ्लॅट यांवरून हमरीतुमरीवर आलेली जोडपी रोजच पाहावी लागतात. पण ज्या प्रकरणाने मला सर्वांत जास्त अस्वस्थ केले, त्यात भांडण जवळजवळ उरलेच नव्हते. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) दोघांनी हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब अन्वये परस्पर संमतीने घटस्फोटासाठी अर्ज केला होता. नऊ वर्षांच्या मुलाचा ताबा आईकडे आणि दर शनिवारी वडिलांची भेट, हेही ठरले होते. मसुदा वाचून झाल्यावर आई म्हणाली, "शनिवारी रात्री त्याला हमखास उलट्या होतात. डॉक्टरांना काही सापडत नाही. यांच्याकडे बाहेरचं खाणं होत असणार." वडिलांनी लगेच हरकत घेतली, "मी घरी वरणभात करून घालतो."

मुलाला मी एकट्यालाच आत बोलावले. आई हवी की बाबा, असे मी मुलांना कधीही विचारत नाही. १८९० च्या पालक व पाल्य कायद्यानुसार समज आलेल्या मुलाची पसंती न्यायालय विचारात घेऊ शकते. पण म्हणून निवाड्याचे ओझे त्याच्या डोक्यावर ठेवायचे, असा त्याचा अर्थ मुळीच नाही, आणि उत्तर पढवून आणलेली मुले पाहिली की हे मला फार तीव्रतेने जाणवते. मी त्याला शनिवार कसा जातो तेवढे लिहायला सांगितले. त्याने पट्टीने रकाने आखले : साडेसात, बाबांकडे जेवण; साडेआठ, घरी; नऊ, जेवण.

दोनदा का, असे विचारल्यावर तो म्हणाला, "आई माझ्यासाठी जेवायची थांबते. बाबांकडे जेवलो म्हटलं की गप्प होते. म्हणून मी भूक लागली म्हणतो."

"हे त्यांना सांगू का?"

तो बराच वेळ विचार करत होता. "दोघांना एकदमच सांगाल ना?"

मी तो कागद दोघांसमोर ठेवला. मुलाला दोघांनी मिळून काय सांगायचे, याचे शब्द आम्ही तिथेच जुळवले : आम्ही वेगळे राहणार ते आमच्या दोघांमुळे, तुझ्यामुळे नाही, तू तिकडे आनंदात राहिलास तर इकडे कुणाला वाईट वाटणार नाही. शेवटच्या वाक्यावर आई अडली. "मला वाईट वाटतं, मॅडम. खोटं कसं बोलू?" तिचे म्हणणे रास्त होते, आणि मुलांना असले खोटे ताबडतोब कळते. म्हणून वाक्य बदलले : वाईट वाटले, तरी ते सांभाळणे आमचे काम आहे, तुझे नाही.

मुलाने सगळे नीट ऐकून घेतले आणि विचारले, "मग शनिवारी मी जेवायचं कुठं?"

"बाबांकडेच जेवून ये," आई म्हणाली. मसुद्यातली परत आणून सोडण्याची वेळ आम्ही साडेआठऐवजी नऊ केली.